जाहिरातीत जोत्याची उंचीही छापा

संपादक महोदय,

‘नदीकाठच्या उपनगरात प्रशस्त घर विकणे आहे’ अशा जाहिरातींत खोल्या किती, अंगण केवढे, गच्चीवरून नदी कशी दिसते हे सगळे असते. जोते रस्त्यापासून किती उंच आहे आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण त्या जोत्याच्या खाली आहे की वर, हे मात्र कधीच नसते. घर घेणाऱ्याला सगळ्यात आधी लागतात ते हेच दोन आकडे. मालमत्तेच्या जाहिरातींत त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवावी, ही आग्रहाची विनंती.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की तो पूर येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का आहे. त्या घरात 30 वर्षे राहायचे म्हटले, तर तीच शक्यता 26 टक्क्यांच्या आसपास जाते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तर 70 टक्क्यांवर. हे गणितही नदीचे पात्र आहे तसेच राहील असे धरून केलेले असते. काठावर भराव पडला, पात्र आक्रसले, की तेवढेच पाणी जास्त उंच चढते.

उंची मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी पुरते. एक टोक पुराच्या खुणेशी, दुसरे घराच्या भिंतीशी धरायचे आणि पाणी स्थिर झाले की पेन्सिलने रेघ मारायची. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे जायचे. नळीत बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकते, म्हणून पाणी भरताना घाई नको. अशीच एक मोजणी रस्त्यावरच्या सांडपाण्याच्या चेंबरच्या झाकणापासून न्हाणीघराच्या जाळीपर्यंत करावी. ही सहसा कोणी करत नाही, आणि घात तिथेच होतो.

नदी चढली की सांडपाण्याच्या वाहिनीचे तोंड पाण्याखाली जाते आणि पाणी उलटे फिरते. न्हाणीची जाळी चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर ते घाण पाणी रस्त्यावर यायच्या आधी घरात उफाळते. दार कोरडे असते आणि न्हाणीघर भरलेले. यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेरच जाऊ देणारी झडप, बसवतात, पण त्याच्या झडपेत केस, चिंध्या, वाळू अडकली की ती पुरती मिटत नाही. पावसाळ्याआधी ती उघडून साफ करता यावी म्हणून व्हॉल्व्ह चेंबरमध्येच हवा, फरशीखाली गाडलेला नको. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. झडप मिटलेली असताना घरातले सांडपाणीही बाहेर जात नाही. तेवढा काळ नळ बंद ठेवावे लागतात, नाहीतर आपलेच पाणी आपल्या न्हाणीत तुंबते.

जमिनीखालची टाकी रिकामी आहे का, हेही विचारावे. भूजल टाकीच्या माथ्यापर्यंत वर आले की 10,000 लिटरच्या रिकाम्या टाकीला ते निदान 10 टनांच्या जोराने वर ढकलते. टाकी हलकी असेल तर ती उचलली जाते, तडकते, नळजोड तुटतात. पुराच्या दिवसांत ती भरलेलीच ठेवावी आणि झाकण घट्ट बसवावे.

ओल पाहताना रंगावर जाऊ नये. भिंतीचा खालचा तीन-चार फूट भागच नव्याने गिलावा केलेला दिसला, तर कारण विचारावे. विटांतून वर चढणारी ओल साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत येते आणि पाणी सुकल्यावर क्षारांची पांढरी भुकटी मागे राहते. तळमजल्याच्या जमिनीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून येते, वरच्या बाजूला जमले तर हवेतून. विजेचे मीटर, बोर्ड आणि सॉकेट पूरखुणेच्या वर हवेत, वायरिंगही वरूनच खाली आणलेले हवे.

आणि घर पाहायला कोरड्या दिवसांत जाऊ नये. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी जावे. तेव्हा रस्त्यावरचे पाणी ओसरलेले असते, जमिनीतले नाही.

— एक वाचक