सूचना : नोंदणी नूतनीकरण आणि पुढची पायरी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सर्व सिस्टर आणि ब्रदर मंडळींना नमस्कार.

नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे, १५० तास लागतात. सर्टिफिकेटं आजच एका फायलीत लावा. मुदतीच्या तोंडावर कार्यशाळा शोधत फिरणं, तेही पावसात एसटीच्या भरवशावर, नको.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांनी दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीचा विचार जरूर करावा. एमएस्सीला एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणून अनुभवाचे दाखले नोकरी सोडतानाच मागून घ्या.

सरकारी सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज), सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन) अशी चढण आहे. पण वॉर्ड सांभाळणं पदाआधीच शिकावं लागतं. गणपतीत सगळ्यांनाच घरी जायचं असतं, तेव्हा कुणाचे रुसवेफुगवे न होता ड्युटीचा तक्ता लावून दाखवा! माझ्या मते मुलाखतीपेक्षा ती परीक्षा अवघड.

यावर बोलायला येत्या रविवारी दुपारी ३ वाजता ग्रुपवरच ऑनलाइन भेटू. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही सांगा. नाइट करून आलेल्यांनी झोप मोडू नये, रेकॉर्डिंग टाकू.