आवाहन : वेल्डिंगला लोखंडी अँगल धरणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसाठी

सप्रेम नमस्कार राजेहो,

स्मशानभूमीचे शेड आठवत असेलच. पावसात ताडपत्री धरून सरण पेटवायची वेळ यायची. आपल्या मंडळाच्या वेल्डिंगवाल्या कारागिरांनी आठ रात्री खपून, रुपयाही मजुरी न घेता ते उभे केले. अँगल दालमिलवाल्या शेठजींचे, पत्रे अडतवाल्या काकांचे, झुणका-भाकर रोज सरपंचबाईंच्या घरून. शाळेच्या फाटकाला गुरुजींनी पेन्शनीतून पैसे दिले. गुरुजी आज नाहीत. फाटकावर त्यांचे नाव घालायचे राहूनच गेले, ही चूक आमची.

आता त्याच कारागिरांसाठी मागतो आहे. वखर-डवऱ्यांची कामे सध्या रात्री अकरापर्यंत चालतात. गेल्या आठवड्यात अँगल धरून बसणारा एक पोट्टा रात्री दोनला ओरडत उठला, डोळ्यांत वाळू रगडल्यासारखी. मायने बटाट्याचे काप ठेवले. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत जाळाच्या, अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो आणि कळते 6 ते 12 तासांनी, म्हणून कोणी मनावर घेत नाही. रॉड चालवणाऱ्याच्या हातात निदान पडदा असतो. धरणारा नुसते तोंड फिरवतो, नाहीतर जत्रेतला काळा गॉगल लावतो. त्याने भागत नाही. दहा नंबरच्या (साधारण 3 मिमी जाडीच्या) रॉडला 10-11 शेडची, म्हणजे तेवढ्या गडदपणाच्या नंबराची, काच लागते. उघड्या गळ्याची कातडी सोलते ते वेगळेच. वेल्डिंगचे अतिनील किरण आणि धूर या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

गेल्या वर्षीही हेच लिहिले होते. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली, पैसे तिघांचे आले. त्यातला एक पंक्चर काढणारा. असो.

हवे ते : डोक्याला लावायचे काचेचे शिल्ड व चामडी हातमोजे 28 जोड (14,000 रु.), चामडी एप्रन 14 (4,900), आडोशाचे पडदे 6 (7,200), एकूण 26,100, शिल्लक 8,400, कमी 17,700. पहिले 14 जोड धरणाऱ्या पोरांना, मालकांना नंतर. रक्कम कोषाध्यक्षांकडे, सांजच्याला 7 ते 9, मारुतीच्या पारावर, पावती लगेच. मृगाआधी सामान आणायचे आहे.

आपला,
सचिव, कारागीर मंडळ

ता. क. आडोशासाठी जुना जाड कॅनव्हास चालेल. प्लॅस्टिकची ताडपत्री कृपया देऊ नका, ठिणगीने पेट घेते. मागे एकाने दिली होती.