लिबेरोबद्दलची चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरूची राजधानी लिमा येथील 17 वर्षांखालील मुलींच्या जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धेला कालच्या अंकात आपण पाऊण पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. क्रीडा पानावर व्हॉलीबॉल दिसणं हा तसा दुर्मीळ योग. चीनच्या विजेतेपदाची बातमीही ठीक होती. घोळ झाला तो तिच्याखालच्या ‘नियम जाणून घ्या’ या चौकटीत. एवढ्याशा जागेत इतक्या चुका बसवणं हेही कसबच म्हणायचं.

नेटची उंची आपण 2.43 मीटर छापलीत. ती पुरुषांची. मुलींसाठी 2.24 मीटर. ही उंची नेटच्या मध्यभागी काठी लावून मोजतात. दोन्ही टोकं सारखी लागतात आणि ती 2.24 च्या वर 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त चढलेली चालत नाहीत. (आपल्याकडच्या शाळांच्या मैदानावर वरची दोरी सैल पडते आणि दुसऱ्या सेटपर्यंत नेटला मधोमध झोळ येतो, तो भाग वेगळा.) सर्व्हिस नेटला लागून पलीकडे गेली की फाउल, असंही आपण लिहिलंत. तो नियम जाऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आता खेळ चालूच राहतो. या दोन चुका एकवेळ पोटात घालू. लिबेरोचं, म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त बचावासाठी मागच्या फळीत खेळणाऱ्या खेळाडूचं, काय?

चौकटीनुसार लिबेरो हा ‘राखीव खेळाडू’, सेटमधल्या सहा बदलांत त्याची गणना होते, त्यानं बोटांनी पास दिला की फाउल आणि त्याला कर्णधार होता येत नाही. यातलं एकही वाक्य धड नाही.

लिबेरोची ये-जा सहा बदलांत मोजतच नाहीत. ती एका सेटमध्ये कितीही वेळा आत-बाहेर करू शकते. अट एवढीच की दोन अदलाबदलींच्या मध्ये एक रॅली (सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतचा खेळ) पूर्ण झालेली हवी, आणि ती जिच्या जागी आली तीच मुलगी, नाहीतर संघातली दुसरी लिबेरो, तिच्या जागी यायला हवी. ती खेळते फक्त मागच्या फळीत, म्हणजे 1, 6 आणि 5 नंबरवर. सहसा मिडल ब्लॉकरला (नेटजवळ मधोमध चेंडू अडवणारीला) बाहेर बसवून तिला आणतात, कारण उंच मिडलला मागे जमिनीलगतचे चेंडू उचलायला लावण्यात तोटाच असतो. मिडल 1 नंबरवरून सर्व्हिस करते, सर्व्हिस समोरच्यांकडे गेली की लिबेरो आत येते. रोटेशनमध्ये, म्हणजे सगळ्या एकेक जागा पुढे सरकताना, 5 वरून 4 वर जायची वेळ आली की लिबेरो बाहेर आणि मिडल पुढच्या फळीत. त्याच वेळी दुसरी मिडल 2 वरून 1 वर सर्व्हिसला येते. तिची सर्व्हिस चालू असेपर्यंत लिबेरो बाहेरच थांबते, त्यामुळे मधल्या रॅलीची अट आपोआप पाळली जाते.

चुका होतात त्या घाईत. पंचांची शिट्टी झाल्यावर, पण सर्व्हिस मारण्याआधी, लिबेरो धावत आत आली तर पहिल्या वेळी रॅली संपल्यावर तोंडी समज मिळते. पुन्हा तसंच केलं तर वेळकाढूपणाची शिक्षा. सर्व्हिस मारल्यानंतर आली तर रोटेशनच्या चुकीसारखा सरळ समोरच्यांना गुण.

आता बोटांनी पास. लिबेरोनं नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेच्या पुढे किंवा रेषेवर पाय ठेवून बोटांनी वर पास दिला, आणि पूर्णपणे नेटच्या वर असलेला तो चेंडू सहकाऱ्यानं मारला, तरच फाउल. रेषेच्या मागून तिनं बोटांनी पास द्यावा, कोणीही मारावा. पुढून मनगटावर घेऊन दिला तरीही चालतो. शेवटचा पाय कुठे टेकला ते पाहतात, म्हणून तयारीच्या लिबेरो रेषेमागून उडी मारून हवेतच बोटांनी पास देतात. सर्व्हिस आणि ब्लॉक तिला वर्ज्य आहेत. ब्लॉकचा नुसता प्रयत्न केला, चेंडूला हात लागला नाही, तरी चूकच. हे चौकटीत हवं होतं, ते नेमकं नाही. आणि कर्णधारपदाची बंदी काही वर्षांपूर्वीच उठली.

आपल्याच छायाचित्रात वेगळ्या रंगाची जर्सी घातलेली मुलगी गुडघ्यावर येऊन चेंडू उचलते आहे. ओळीत लिहिलंय, ‘राखीव खेळाडूचा सुंदर बचाव’. धन्य!

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं वाटेल. तालुक्याच्या शालेय स्पर्धांचे हे दिवस आहेत आणि त्यातही 17 वर्षांखालील मुलींचा गट असतो. पी.टी.चे सर असं कात्रण फळ्यावर लावतात. मग मैदानावर लिबेरो रेषेपासून चांगली हातभर मागे उभी राहून बोटांनी स्वच्छ पास देते, हिटर मारते, आणि समोरच्या शाळेचे सर कात्रण फडकावत गुणलेखकाच्या टेबलावर येतात. पंच हौशी असला की गुण देऊन मोकळा होतो. पुढच्या सामन्यापासून ती मुलगी बोटं वापरायचीच सोडते. छापील अक्षरावर अजून लोकांचा विश्वास आहे, त्याचा हा परिणाम.

बातमीत पेरूला ‘फुटबॉलवेडा देश’ म्हटलंय. असेल. पण 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये पेरूच्या महिला व्हॉलीबॉल संघानं रौप्य मिळवलं होतं. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध 2-0 नं पुढे जाऊन पाचवा सेट 15-17 असा गेला होता. ‘मुलींची ही पहिलीच जागतिक युवा स्पर्धा’ हेही अर्धसत्य. 17 वर्षांखालील गट म्हणून ती पहिली. 18 वर्षांखालील मुली 1989 पासून 2021 पर्यंत खेळल्या, आणि 2015 ला ती स्पर्धा याच लिमात होऊन इटली जिंकली होती.

जाता जाता, निकाल नुसते ‘3-1’, ‘3-2’ असे छापू नका. सेटचे गुण द्या. 25-23 नं गेलेला सेट आणि 25-9 नं गेलेला सेट यांत फरक असतो. क्रिकेटमध्ये चौथ्या चेंडूवर कोणी एक धाव काढली तेही आपण छापता.

दुरुस्ती छापायची तर चौकटीच्याच आकारात छापा, आतल्या पानाच्या तळाशी नको. आणि हे पत्र कापायचंच असेल तर पेरूचा परिच्छेद कापा, लिबेरोचा ठेवा.

आपला,
एक गुणलेखक, सांगली