गुणगुण मॉनिटरमध्येच आहे, सांगलीच्या अर्थिंगमध्ये नाही

विश्रामबाग, सांगली
दि. १८ मार्च २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पाच इंची ॲक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटरची (ध्वनिमुद्रण तपासून ऐकण्याच्या, आतच ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरची) सदोष जोडी बदलून मिळणेबाबत

संदर्भ : १९ फेब्रुवारीला घरपोच मिळालेला होम स्टुडिओ संच (रु. २८,९९०) व त्याबाबत २४ फेब्रुवारीला नोंदवलेली तक्रार. बिल व दोन्ही मॉनिटरचे सिरियल नंबर ई-मेलसोबत आहेत.

महोदय,

मॉनिटर काही वाजवत नसतानाही गुणगुणतात, ही वरील तक्रार ‘ग्राहकाकडील अर्थिंगचा दोष’ असा शेरा मारून बंद केल्याचा एसएमएस ११ मार्चला आला. हा शेरा मान्य नाही. अंगण वाकडे म्हणायचे तर निदान ते येऊन पाहायला तरी हवे होते. आपल्याकडून कोणीही आलेले नाही.

अर्थिंगचाच विषय निघाला आहे तर सुरुवात तिथूनच करतो. दोन्ही मॉनिटरसोबत आलेल्या पॉवर कॉर्डला युरोपी गोल दोन पिनांचा प्लग आहे आणि तो आपल्या बोर्डात बसावा म्हणून एकेक कन्व्हर्टर दिला आहे. या प्लगचे अर्थिंग पिनेत नसते, कडेच्या पितळी पट्ट्यांत असते. आपण दिलेल्या कन्व्हर्टरमध्ये त्या पट्ट्यांना टेकणारे काहीच नाही. म्हणजे कन्व्हर्टरची तिसरी पिन नुसती शोभेची आहे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक कन्व्हर्टरच्या अर्थ पिनेला आणि दुसरे मॉनिटरच्या मागच्या धातूच्या पट्टीला लावले, तर बीप येत नाही. त्या पट्टीला टेस्टर लावला की तो मंद पेटतो. घरातल्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, फेज-अर्थ २३५ आणि न्यूट्रल-अर्थ १.२ व्होल्ट मिळतात. यात खोट कुठे आहे ते दाखवावे. अर्थिंग तुटले आहे ते आपल्या खोक्यातून आलेल्या कन्व्हर्टरमध्ये.

कॉम्प्युटरला लागते तशी तीन पिनांची ६ अँपिअरची आयएसआय मार्कची कॉर्ड लावल्यावर टेस्टर पेटायचा थांबला आणि डाव्या मॉनिटरमधली सगळी गुणगुण गेली. उजव्यातली मात्र राहिली. तक्रार आहे ती या उरलेल्या गुणगुणीची.

हा आवाज तपासला तो असा. उजव्या मॉनिटरची ऑडिओ केबल पूर्ण काढली. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉप आणि मॉनिटरमधला ध्वनीचा दुवा), लॅपटॉप आणि त्याचा चार्जर बंद करून बोर्डातून काढले. मॉनिटरला फक्त पॉवर कॉर्ड ठेवली. तरीही वूफरमधून (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून) ‘घूंऽऽ’ येतच राहतो, रात्री दीड मीटरवरूनही ऐकू येतो. त्याला जोडलेले दुसरे उपकरणच नाही, तेव्हा ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेच्या गुणगुणीचा, प्रश्न येत नाही. मागचे व्हॉल्यूमचे बटण शून्यावर नेले तरी आवाज तसूभरही कमी होत नाही. म्हणजे तो बटणाच्या आधी नाही, नंतर शिरतो. वूफरच्या कडेच्या रबराला अलगद बोट टेकवले तर थरथर हाताला लागते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नुसता खोक्याला धरून गुरगुरतो आहे असेही म्हणता येणार नाही. मोजमापाच्या मायक्रोफोनने स्पेक्ट्रम (कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती, याचा आलेख) काढला असता सर्वांत उंच रेघ १०० हर्ट्झवर, त्याखालोखाल २०० वर आहे आणि ५० वर जवळजवळ काही नाही. बाहेरून वीज शिरली असती तर ५० ची रेघ ठळक दिसली असती. रेक्टिफायर ५० च्या विजेचे १०० हर्ट्झचे उसळते डीसी करतो आणि ते सपाट करण्याचे काम फिल्टर कपॅसिटरचे असते. तो कपॅसिटर किंवा त्याचे सोल्डरिंग कमजोर असेल तर नेमके हेच ऐकू येते. आतली दुरुस्ती आपल्या तंत्रज्ञाचे काम आहे. मागचे स्क्रू व वॉरंटीचे सील शाबूत आहे.

‘थोडी गुणगुण सगळ्याच मॉनिटरमध्ये असते’ असे फोनवर सांगण्यात आले. असते ती ट्विटरमधली (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरमधली) बारीक सळसळ, तीही कान जवळ नेल्यावर. हा संच घेतला आहे मिरजेचे तंबोरे आणि त्यावरचे गायन ध्वनिमुद्रित करण्यासाठी. काळी एकच्या पट्टीत तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्झवर बोलते. शेजारी १०० हर्ट्झची गुणगुण चालू असली की तार विरत जाताना सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात आणि नीट लागलेली तार बेसूर वाटते. जवारी (तारेचा झंकार) बिघडली की खुंटी सरकली, हे शोधण्यात वेळ जातो. निर्दोष वाद्यावर आळ घेणारा मॉनिटर कसला मॉनिटर! दुसऱ्या फोनवर ‘सांगलीत पूर येतो, ओल लागली असेल’ असेही ऐकले. माल फेब्रुवारीत आला आहे आणि खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

त्याच उजव्या मॉनिटरचा ट्विटरही दबलेला आहे. दोन्हींच्या मागच्या ट्रिमच्या (वरचे सूर कमीजास्त करण्याच्या) कळा शून्यावर ठेवून, मायक्रोफोन वूफर आणि ट्विटरच्या मधोमध ३० सेंटिमीटरवर उभा करून रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) घेतले. अडीच किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात. पुढे उजवा ४ ते ५ डेसिबलने खाली जातो तो शेवटपर्यंत. मॉनिटरच्या जागा अदलाबदल केल्या, इंटरफेसचे आउटपुट बदलले. घसरण त्या एका मॉनिटरसोबतच फिरली. ‘खोलीच्या ॲकॉस्टिक्स’चा आपला तिसरा मुद्दा इथेच निकाली निघतो. दहा बाय बाराच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास बास फुगतो, ते गृहीतच धरले आहे. पण खोली मॉनिटरमागे जागा बदलत फिरत नाही, आणि सिग्नल नसताना स्वतः आवाजही करत नाही. ऐकताना परिणाम असा की गायकाचा आवाज मध्यभागी राहतो, पण ‘स’ आणि ‘श’ तेवढे डावीकडून येतात. ट्रिमची कळ +२ वर नेऊनही फरक पुरता भरत नाही.

संचातल्या केबलबद्दल थोडक्यात. जाहिरातीत ‘दोन बॅलन्स्ड केबल’ लिहिले आहे. आलेल्या केबलच्या जॅकवर काळी रिंग एकच आहे. बॅलन्स्ड केबलच्या तीन भागांच्या (टीआरएस) जॅकवर दोन असतात. ही साधी गिटारची केबल झाली. ती लावली की मॉनिटरच्या बॅलन्स्ड इनपुटचा गोंगाट छाटण्याचा गुण वायाच जातो.

सर्वांत गंभीर बाब शेवटी ठेवली आहे. ६ मार्चच्या फोनवर आपल्या प्रतिनिधीने ‘अर्थच्या पिनेला टेप लावून पाहा’ असा सल्ला दिला. धातूची पट्टी असलेल्या, २३० व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणाचे अर्थिंग तोडायला सांगणे म्हणजे आत फेजची वायर सुटली तर थेट माणसाच्या हातात वीज देणे आहे. तो सल्ला पाळलेला नाही. पण आणखी किती ग्राहकांना तो दिला गेला, याची चौकशी व्हावी आणि तसे लेखी कळवावे.

मागणी जोडी बदलून देण्याची आहे, एकच मॉनिटर नको. दुसऱ्या बॅचचा आला तर ट्विटर जुळण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहील. नवी जोडी एकाच बॅचची असावी, पाठवण्यापूर्वी तासभर चालू ठेवून इनपुट नसताना ऐकलेली असावी आणि दोन्हींचे आलेख सोबत यावेत. तीन पिनांच्या भारतीय कॉर्ड व दोन टीआरएस केबल द्याव्यात. जुनी जोडी घरून न्यावी. मूळ खोका आणि फोम जपून ठेवला आहे. ‘पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला आणून द्या’ हे मान्य नाही. सदोष माल घरपोच आला, तो एसटीच्या डिकीतून परत पोचवण्याची जबाबदारी ग्राहकाची नाही. जोडी शिल्लक नसेल तर इंटरफेससह पूर्ण संच परत घेऊन सगळी रक्कम द्यावी.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. ती पाचव्या दिवशी मिळाली. निवारणाची एक महिन्याची मुदत २४ मार्चला संपते. तोवर लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली जाईल. २०१९ च्या कायद्याने ती ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्कही नाही.

आपला,
संचाचा खरेदीदार

सोबत : बिल, दोन्ही मॉनिटरचे आलेख, केबल न जोडता घेतलेले ३० सेकंदांचे ध्वनिमुद्रण, कन्व्हर्टर व जॅकचे फोटो.