विषय: ताब्यापूर्वीच्या पाहणीतले दोष आणि ‘आधी सही करा’ हा आग्रह

प्रति,
संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागाने माझा फोन ज्या पद्धतीने संपवला, त्यानंतर मी फोन करणं बंद केलं आहे. यापुढे जे काही असेल ते लेखी.

सी विंगमधली टू बीएचके आपणच बांधली आहे. कॉमन बाथरूमची कोणती भिंत लहान बेडरूमला लागून आहे हे मी आपल्याला सांगायला नको. ताब्याआधीच्या पाहणीला मी स्वतःच्या पैशाने तपासनीस आणला होता. त्याला गेटवरच अडवलं. करारनाम्यात असा मज्जाव कुठेही नाही, हे मी तिथेच उभं राहून वाचून दाखवलं, तेव्हा कुठे आम्हाला वर सोडलं.

कॉमन बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. ते नहाणी ट्रॅपकडे गेलंच नाही, उंबऱ्याकडे आलं आणि तिथेच साचलं. म्हणजे उतार उलटा आहे. पलीकडे बेडरूमच्या भिंतीवर मॉइश्चर मीटरने जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओल दाखवली. हॉलमध्ये खिडकीकडच्या रांगेतल्या फरशा नाण्याने वाजवल्या, तर पोकळ वाजल्या. खाली मसाला नीट भरलेला नाही. उद्या त्यावर कपाटाचा पाय आला की त्या तडकणार.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. करंटची गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, त्याचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. गीझरमधून करंट उतरला तर माणसाला वाचवणारं हेच उपकरण. आपले साइट इंजिनिअर म्हणाले, “तात्पुरत्या लाइनवर असंच होतं.” घरात दिवे लागत होते. वीज असेल तर बटण दाबल्यावर तो पडायलाच हवा, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. माझी आई याच घरात राहणार आहे.

आता आजचा फोन. मी उताराबद्दल विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, नवीन बांधकाम आहे, एक उन्हाळा गेला की सुकेल.” मी म्हटलं, ओल सुकेलही, उतार कसा बदलेल? थोडा वेळ शांतता. मग, “मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. सरांना फोन देता का?” मी विचारलं, कोणते सर? “तुमचे मिस्टर.” मी सांगितलं की करारनाम्यावर माझं एकटीचं नाव आहे, कर्ज माझ्या पगारावर आहे आणि हप्ताही माझ्याच खात्यातून जातो. त्यावर पलीकडून हसण्याचा आवाज आला. हो, हसण्याचा. आणि मग, “मग वडील असतील ना घरी कोणी?” माझे वडील हयात नाहीत. हे मला आपल्या कंपनीच्या फोनवर सांगावं लागलं. उत्तर काय मिळालं? “ठीक आहे मॅडम, तुम्ही आधी ताबापत्रावर सही करा, मग यादी पाठवा, बघू.” आणि फोन ठेवला.

बुकिंगच्या वेळी धनादेश घेताना कोणालाही सर आठवले नव्हते.

‘आधी सही करा’ या पत्रात काय लिहिलंय तेही आपल्याला माहीत आहे: सदनिका पाहिली, समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही. पाणी उंबऱ्याशी साचत असताना मी यावर सही करायची? वर भोगवटा प्रमाणपत्र आल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यावा लागतो, असं मला वारंवार ऐकवलं जातं. रेरा कायदा २०१६ चं कलम १९(१०) मीही वाचलं आहे. त्याच कायद्यातलं १४(३) आपणही वाचा. ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष ३० दिवसांत, कोणताही खर्च न लावता दुरुस्त करून देणं ही आपली जबाबदारी आहे. जे ताब्यानंतर करावंच लागणार, ते ताब्याआधी करून द्यायला अडचण कसली?

माझ्या मावशीने पूर्वी आपल्याच एका प्रकल्पात घर घेतलं. तिच्या भिंतीला आजवर ओल नाही. तिच्या शब्दावर मी आपल्याकडे आले. आता ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा त्यांना काय सांगावं हे मला कळत नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मला हवं आहे ते असं. बाथरूमची फरशी काढून उतार आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करा आणि पाणी भरून ठेवण्याची चाचणी माझ्या तपासनीसासमोर घ्या. पोकळ फरशा बदला. आरसीसीबी बदला आणि अर्थिंगचा तपासणी अहवाल द्या. त्यानंतर पुन्हा पाहणी होईल, तपासनीस माझाच असेल आणि त्याला गेटवर कोणी अडवणार नाही. ताब्याच्या वेळचा शेवटचा हप्ता माझ्याकडे तयार आहे, तो त्या दिवशी मिळेल. फोनवर बोललेल्या व्यक्तीकडून लेखी माफीही हवी आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर फोटो, मीटरच्या नोंदी आणि हे पत्र जोडून मी महारेराकडे तक्रार दाखल करणार आहे. उत्तर माझ्या नावाने पाठवा. ‘श्री.’ लावून नको.

सदनिकेची एकमेव खरेदीदार
(नाव व सदनिका क्रमांक करारनाम्याप्रमाणे)