ऐरण विकू नका

स्विंडन, इंग्लंड

ती. नानांस,
साष्टांग नमस्कार.

ऐरण भंगारात द्यायचं तुमच्या मनात आहे, असं दादा फोनवर म्हणाला. जरा थांबा. आधी हे पत्र वाचा.

आमच्या कारखान्यात एक वेल्डर आहे, पन्नाशीचा. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये भट्टी पेटवतो. ख्रिस्ती धर्म यायच्या आधी इथली माणसं ज्यांना मानायची, त्यांना तो मानतो. त्याचं दैवत वेलंड लोहार. गेल्या रविवारी त्याने मला वेलंडच्या जागी नेलं.

गाडीने अर्धा तासही लागत नाही. पुढे रिजवे नावाची जुनी वाट. बीचच्या झाडांमध्ये मातीचा लांबोडका उंचवटा आणि तोंडाशी माणसाहून उंच चार शिळा. खरं तर हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं. तेव्हा इथे लोखंड आलेलंही नव्हतं. पण पुढे इथे येऊन वसलेल्या सॅक्सन लोकांनी याला वेलंडची भट्टी म्हटलं, इ. स. 955 च्या दानपत्रात तेच नाव आहे. घोड्याचा नाल निघाला तर घोडा इथे बांधायचा, दगडावर नाणं ठेवायचं आणि निघून जायचं. परत येईपर्यंत नाल ठोकलेला असायचा, असं म्हणतात.

वेलंडची गोष्ट ऐकून मात्र पोटात कालवलं. एवढा कारागीर हातचा जाऊ नये म्हणून राजाने त्याच्या पायाच्या शिरा तोडल्या, बेटावर डांबलं आणि दागिने घडवून घेतले. त्याने सूडही भयंकर घेतला, राजाची दोन्ही पोरं मारली आणि उडून गेला. जुन्या काव्यात त्याला कुणी देव म्हटलेलं नाही. हा वेल्डर म्हणतो, "पाय गेले तरी हात थांबले नाहीत, मला तेवढं पुरे." घण निसटून तुमचा पाय अधू झाला, त्याच पावसाळ्यात तुम्ही अख्ख्या गावाच्या बैलांच्या पत्र्या घडवल्यात. मी भाता ओढत होते, नाना. मला सगळं आठवतंय.

लोक शिळांच्या फटीत नाणी खोचतात. त्याने दगडाला इजा होते, म्हणून हा खोचत नाही. त्याने फडक्यातून आपली सांडशी काढली, शिळेला टेकवली, मधाचं मद्य गवतावर ओतलं आणि मान खाली घालून बराच वेळ उभा राहिला. सांडशीच्या दांड्यांना हाताच्या घामाने काळी चकाकी आली होती, अगदी तुमच्या सांडशीसारखी. मी चपला काढल्या आणि हात जोडले.

परतताना त्याला आपली खंडेनवमी सांगितली. ऐरण धुऊन हळदकुंकू वाहायचं, त्या दिवशी तिच्यावर घाव घालायचा नाही, हे ऐकून तो गाडी चालवता चालवता गप्पच झाला.

भंगारवाल्याला शब्द दिला असेल तर तेवढे पैसे मी पाठवते. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घाला आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. त्या वेल्डरला दाखवायचाय.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी