चिमीच्या पायांविषयी

भाट्ये, शुक्रवार रात्री

प्रिय बाळ्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस आणि ही गोष्ट दोन वाक्यांत मावणारी नाही. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर आहे. चिंता आहे ती आमच्या पोरीची, चिमीची, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू? धावणं म्हणजे काय हे हिला (तुझ्या वहिनीला) कितीही समजावलं तरी ती म्हणते, "मग धावू नका."

गेल्या रविवारी आपल्या वाडीतल्या पोरांनी पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. पुलाच्या अलीकडून निघायचं, सुरूच्या बनाला लागून पुढे चढणीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. मी धावलो. चिमीच्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून. कशासाठी ते पुढे सांगतो.

मे महिन्यात आमच्याकडे काय चालतं ते तुला वेगळं सांगायला नको. पाऊस तोंडावर, झाडावर फळ, माणसं अपुरी. राखणीला यंदा दोघेच नेपाळी आले. चिमी पहाटे पोलीस भरतीच्या अकॅडमीतल्या मुलींबरोबर ग्राउंडवर, तिथून आली की आंबे उतरवायचा झेला घेऊन बागेत, दुपारी पेट्या भरायला, रात्री अढी तपासायला. नको म्हटलं तरी ऐकत नाही. वरच्या बागेतून भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन कातळावरून खाली रस्त्यापर्यंत उतरवते. एक क्रेट वीस किलोच्या घरात जातो. महिनाभर तिचं एकच पालुपद, "पाय भरून आलेत बाबा, आंबा संपला की सुटतील."

मलाही तेच वाटत होतं. पाय दमायला कारण समोर दिसत होतं ना. आणि हो, तुझं ते लॅक्टिक ॲसिड आता सोड. आपण वीस वर्षं त्यावरून भांडलो, पण माझंच बरोबर होतं. ते धावणं थांबल्यावर तासाभरात निघून जातं. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतारामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो, त्याला आत बारीक इजा होते, आणि दुखणं एकदोन दिवसांनी वर येतं. शिमग्यात पालखी नाचवून सहाणेवरून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी तुला जिना उतरता येत नव्हता, आठवतं? खोबरेल चोळून घेतलंस माझ्याकडून, बाटली माझी, आणि वर मलाच शास्त्र शिकवलंस, मेल्या.

पण गेले पंधरा-वीस दिवस मला तिचा जिना खटकत होता. माडीवर पेटीचे खोके आणायला जायची आणि वर पोचल्यावर दाराची चौकट धरून उभी राहायची. पाय दमलेला माणूस मांडी चोळतो. ती छातीवर हात ठेवायची. म्हणून मी शर्यतीत उतरलो. मला तिचा श्वास ऐकायचा होता, आणि धावल्याशिवाय तो ऐकू येणार नव्हता.

सकाळी सहालाच हवा अशी जड की घाम सुकायचं नाव नाही. अशा हवेत शरीर थंड व्हायला वेळ लागतो, छाती एरवीपेक्षा जोरात धडधडते, हे धरूनच चाललो होतो. माझेही पाय क्रेटनी मोडलेलेच होते. पहिला किलोमीटर दोघांचेही लाकडासारखे. चिमीने सुरुवात अगदी हळू केली. सर आपल्याला घसा फोडून सांगायचे ते आपण कधी केलं नाही, ते या पोरीने केलं. पोरंबाळं भरारा पुढे गेली, हिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बनापाशी आलो तोवर पाय सैल झाले. माझे झाले, तिचेही झाले, पाऊल उचललं जाताना दिसत होतं. नुसते पाय दमलेले असतील तर असंच व्हायला हवं, अंग तापलं की ते चालू लागतात.

पण श्वास बसेना. सपाट रस्त्यावर, ज्या वेगात ती एरवी माझ्याशी गप्पा मारते त्या वेगात, तिला एक शब्द पुरा करता येईना. मी मुद्दाम विचारलं, "आज डबा काय?" तर नुसती मान हलवली. चढण लागली आणि मध्यावर ती चालायला लागली. चिमी, बाळ्या! मिऱ्याच्या डोंगरावर तुला मागे टाकलं होतं ती चिमी. कोपरावरून घाम टपटपत होता, ओठ पांढरे. मला म्हणाली, "तुम्ही जा पुढे." मी गेलो नाही. वळण घेतलं, उतार लागला तशी पुन्हा धावायला लागली, आणि पुरी केली शर्यत. एक केळं खाल्लं आणि तिथेच वाळूत बसली.

घरी आल्यावर आईने काय केलं, तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. आत तांबूस दिसायला हवं तिथे फिकट, जवळजवळ पांढरं. सोमवारी रक्त दिलं. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा. तिच्या वयाच्या मुलीला बारा तरी हवं. लोहाचा साठाही तळाला गेलाय असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलींचं महिन्याला रक्त जातं, त्यात ही एवढी राबते आणि जेवणाच्या नावाने चहा-बिस्किटं. गोळ्या दिल्यात. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा तासभर तरी दूर ठेवायचा, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. तुझ्या वहिनीने चहाची बरणीच कपाटात टाकून कुलूप लावलंय, त्यामुळे मलाही चहा नाही.

आता खरी गोष्ट. रक्त काही आठवड्यांत चढेल, पण साठा भरायला तीनेक महिने लागतील म्हणतात, आणि तोवर जोराचा सराव नको. भरतीचं ग्राउंड कधीही लागेल. आठशे मीटरला वीस गुण, शंभरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. गोळा ती रेटेल, पण त्या वीस गुणांना अशा रक्ताने कशी उतरणार? मी म्हटलं, ही भरती सोड, वय आहे तुझं. तर दार आपटून गेली. म्हणते, "पाय दमलेत म्हणून कोणी थांबतं का?" आणि सरांची ती झाटोपेकची गोष्ट मलाच ऐकवते. १९५२, हेलसिंकी, दहा हजार, पाच हजार आणि वर मॅरेथॉन, आठ दिवसांत तीन सुवर्णं. मीच लहानपणी सांगितलेली. पण झाटोपेकचं रक्त कमी झालं होतं असं सर कधी म्हणाले नव्हते! दमलेल्या पायांवर धावता येतं, मी स्वतः रविवारी धावलो. रिकाम्या रक्तावर नाही धावता येत, आणि तिला या दोन्हींत फरक वाटत नाही. मला रात्री झोप नाही त्यावरून. तिच्या खोलीत ललिता बाबरचा फोटो आहे, रिओला २०१६ साली स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली. त्या फोटोसमोर उभं राहून पोरीला "थांब" म्हणायचं मला जड जातं.

अकॅडमीतल्या सरांनाही तिने रिपोर्ट दाखवलेला नाही. मी परस्पर सांगितलं तर माझ्याशी बोलणं सोडेल.

तू सांग तिला. तू खात्यात आहेस, ग्राउंडवर उभा राहून मुली पडताना पाहिल्यास, तुझ्या शब्दाला वजन आहे. आणि लहानपणापासून ती माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकते, याचा मला राग आहे तो आहेच. पण तिला घाबरवू नको. सोड म्हणू नको, पुढच्या भरतीपर्यंत कसं तयार व्हायचं ते सांग. गोळ्या घेत हळू धावणं चालेल का, किती दिवस, ते डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय, कागद चिमीकडेच आहे. तोच कागद तिला वाचून दाखवायला लाव. सकाळी करू नको, ती बागेत असते. रात्री साडेआठनंतर कर.

तुझी बदली झाली का रे शेवटी? पोराचा दहावीचा निकाल लागला की लगेच कळव. वहिनींना नमस्कार. पाच डझनाची पेटी मंगळवारच्या एसटीने पाठवतोय. दोन थर कच्चे आहेत, पेंढ्यातच राहू दे, फ्रिजमध्ये घालू नको, मागच्या वर्षी घातलेस आणि मला म्हणालास चव नाही.

माझे ते कॅनव्हासचे बूट अजून तुझ्याकडेच आहेत. चिमीला फोन आधी कर, बुटांचं नंतर बघू.

तुझाच,
नाना